पाळी गेली, पण गरमी कधी जाणार?

प्रश्न : डॉक्टर, वय ४९, डिचोलीला शाळेत शिकवते. पाळी पुढेमागे व्हायला लागली तेव्हापासूनच अंगातून वाफा यायच्या, आता पाळी बंद होऊन वर्ष उलटलं तरी तेच चालू आहे. वर्गात शिकवता शिकवता मान-तोंड एकदम तापतं, रात्री घामाने उठून नायटी बदलावी लागते, आणि सकाळी शाळेत पोरांवर उगाच खेकसते. चवथीला नेवऱ्या तळायला बसले तर अर्ध्यात उठावं लागलं, जावेने पुढचं केलं. नणंद म्हणते वर्षभरात जाईल, शेजारच्या बायचं म्हणे दहा वर्षं चाललंय. गायनॅकने एचआरटी (कमी झालेली हॉर्मोन्स बाहेरून द्यायची ट्रीटमेंट) सुचवलीय, पण माझ्या मावशीला ६८ व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झालेला म्हणून घरचे नको म्हणतात. बीपी आहे, गोळीने कंट्रोलमध्ये. घेऊ की सहन करू? आणि घेतली तर किती वर्षं?

उत्तर : गंमत म्हणजे नणंद आणि शेजारीण दोघीही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. अमेरिकेत स्वॅन नावाच्या मोठ्या अभ्यासात बायकांना वर्षानुवर्षं विचारत राहिले, त्यात हे हॉट फ्लॅशेस साधारण सात-साडेसात वर्षं चालतात असं निघालं, म्हणजे निम्म्या जणींना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त. पण सुरू कधी झाले त्यावर बरंच अवलंबून आहे, ज्यांना पाळी चालू असतानाच वाफा यायला लागल्या त्यांचं जवळपास बारा वर्षांपर्यंत लांबलं आणि ज्यांना पाळी बंद झाल्यावर सुरू झालं त्यांचं साडेतीनच्या आसपास आटोपलं. तुमचं पाळी चालू असतानाच सुरू झालं, म्हणून वर्षभराच्या आशेवर बसू नका. अर्थात इतकी वर्षं रोज असंच होणार असंही नाही, जोर शेवटच्या पाळीच्या आगेमागे सगळ्यात जास्त असतो आणि मग हळूहळू उतरतो. तो अभ्यास तिकडच्या बायकांचा, आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ ला जाते, तिकडे ५१ च्या सुमारास, तेव्हा आकडे अंदाजापुरतेच घ्या.

आता कॅन्सरची भीती. ती कुठून आली ते सांगते, कारण घरातल्यांच्या डोक्यात बहुतेक तेच आहे. २००२ साली अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह ही एचआरटीची चाचणी मध्येच थांबवली, पेपरात मोठाले मथळे आले आणि जगभर बायकांनी एका रात्रीत गोळ्या सोडल्या. त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय होतं ६३, पाळी जाऊन कित्येक वर्षं झालेली. दिलेली गोळी म्हणजे तोंडाने घ्यायचं इस्ट्रोजेन, म्हणजे पाळी गेल्यावर कमी होणारं हॉर्मोन, आणि सोबत जुन्या प्रकारचं प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हॉर्मोनसारखं औषध. दहा हजार बायकांनी वर्षभर ती घेतली तर ब्रेस्ट कॅन्सरच्या साधारण आठ केसेस जास्त, असं निघालं. आठ म्हणजे शून्य नाही, मी ते लपवणार नाही, आणि जितकी वर्षं घ्याल तितकी ती रिस्क वाढत जाते. पण गर्भपिशवी काढलेल्या ज्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं त्यांच्यात ब्रेस्ट कॅन्सर वाढला नाही, ही बातमी कुणी तेवढ्या मोठ्या अक्षरात छापली नाही.

म्हणून आता आम्ही बघतो वय आणि पाळी जाऊन किती वर्षं झाली ते. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यावर दहा वर्षांच्या आत, त्रास खरोखरच होतोय आणि दुसरी काही अडचण नाही, तर बहुतेक जणींना फायदा धोक्यापेक्षा जास्त. तुम्ही त्यात बसता. मावशीचा साठीनंतरचा कॅन्सर एवढ्यावरून मी नाही म्हणणार नाही, आई किंवा सख्ख्या बहिणीला असता, किंवा घरात दोघी-तिघींना तरुण वयात झाला असता तर आधी वेगळं बोलावं लागलं असतं, जेनेटिक टेस्टपर्यंत. तुमच्या डॉक्टरना मावशीचं सांगितलंच असेल, नसेल तर सांगा आणि सुरू करायच्या आधी मॅमोग्राफी करून घ्या. थायरॉईडही बघून घ्या, घाम आणि धडधड त्यानेही होते. एफएसएच वगैरे हॉर्मोनची टेस्ट या वयात लागत नाही, तो खर्च वाचवा.

बीपी गोळीने कंट्रोलमध्ये आहे म्हणून अडत नाही, पण मी तुम्हाला तोंडाने घ्यायच्या गोळीपेक्षा जेल नाहीतर पॅच सुचवीन, कातडीतून जाणाऱ्या इस्ट्रोजेनने रक्ताच्या गुठळीची रिस्क वाढताना दिसत नाही, गोळीने वाढते. आपल्याकडे मे महिन्यात पॅच घामाने सुटतो, मला तरी जेल बरं वाटतं, फक्त लावल्यावर पूर्ण सुकू द्या आणि लगेच पोरांना कुशीत घेऊ नका. तुमची पिशवी जाग्यावर असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच, नुसत्या इस्ट्रोजेनने पिशवीचं अस्तर वाढत जातं आणि तिथे कॅन्सर होऊ शकतो. ती कॅप्सूल रात्री घ्यायची, थोडी गुंगी येते, तुमच्यासारख्या रात्री जागणाऱ्या बाईला ते उलट बरंच.

किती वर्षं? पाच झाली की बंद असा काही कायदा नाही. तीन महिन्यांनी बघायचं फरक पडला का, मग दरवर्षी डॉक्टरकडे बसून बीपी, मॅमोग्राफी, त्रास किती हे सगळं परत मांडायचं, मध्ये डोस कमी करून बघायचा. सोडल्यावर काहींना वाफा परत येतात, तेव्हा परत विचार करता येतो. ज्यांना स्वतःला ब्रेस्ट कॅन्सर झालाय, हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा गुठळी होऊन गेलीय, लिव्हरचा आजार चालू आहे, किंवा कारण न कळलेलं रक्त जातंय, त्यांनी हे औषध घेऊ नये. त्यांच्यासाठी हॉर्मोन नसलेली औषधं आहेत, डिप्रेशनच्या काही गोळ्या कमी डोसमध्ये वाफांवर चालतात, गॅबापेन्टिन रात्री चालते. सोलकढी प्या, मला पण आवडते, पण भिरंडाने (कोकमाने) हॉट फ्लॅशेस जात नाहीत, आणि "नॅचरल" म्हणून बाटलीत जे मिळतं त्याचा खर्च तरी जेलएवढाच होतो.

घरच्यांनी काही म्हणो, रात्री तुम्ही उठता, ते नाही. सहन करणं हासुद्धा एक निर्णयच आहे, फक्त तो तुम्ही घ्या.

प्रश्न : वय ५६, म्हापसा. वाफा कधीच थांबल्या, पण लघवीला सारखी जळजळ, दरवेळी अँटिबायोटिक, आणि नवऱ्याजवळ जायचं म्हटलं तर दुखतं. हे पण आपोआप जाईल ना?

उत्तर : नाही हो, हे जात नाही, वाफांच्या उलट हे वयाबरोबर वाढतं, कारण इस्ट्रोजेन नसल्यावर खालची कातडी पातळ आणि कोरडी होते. योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम मिळतं. डोस इतका कमी की रक्तात फारसं जात नाही, प्रोजेस्टेरॉन लागत नाही, आणि वरचेवर होणारं युरीन इन्फेक्शनही कमी होतं. पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा, आणि बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. लाज वाटते म्हणून आमच्याकडे बायका नुसतं लघवीचं सांगतात, दुसरं सांगतच नाहीत, आणि मग अँटिबायोटिकच मिळतं. (ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट झाली असेल तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरना विचारा.)

प्रश्न : वय ५३, फोंडा. पाळी जाऊन दीड वर्ष झालं आणि परवा कपड्यावर डाग दिसला. सासूबाई म्हणतात उष्णता. जत्रा झाल्यावर दाखवलं तर चालेल?

उत्तर : जत्रेआधी. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी दिसला तरी तपासायचाच. दहातल्या नऊ जणींना कॅन्सर निघत नाही, पण दहावी कोण हे बघितल्याशिवाय कळत नाही, आणि पिशवीचा कॅन्सर लवकर सापडला तर बहुतेक वेळा ऑपरेशनने बरा होतो. सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघतील, जाड वाटलं किंवा परत रक्त गेलं तर तुकडा तपासायला पाठवतील. फोंड्याला नाहीतर बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात), जिथे या आठवड्यात नंबर लागेल तिथे जा, कुठली गोळी घेत असाल तर तिचं पाकीट सोबत न्या.