ओळींमधल्या तासात पाणी साचलं तरी पऱ्हाटी (कपाशी) का सुकली?

दोन दिवसांपासून राळेगाव, आर्वी, हिंगणघाट सगळीकडून एकच फोटो येऊन राहिला. पऱ्हाटीनं मान टाकलेली, पानं लोंबलेली अन् खाली तासात पाणी. प्रश्नही एकच, "साहेब, पंधरा दिवस पाण्यानं दडी मारली होती, परवा रात्री धो धो आला, आज ऊन तापलं तं चांगली बोंडं भरलेली झाडंच सुकून रायली, मर रोग आला का, ओलीत करू का?" काही भाऊंनी तर मोटर सुरू करूनही दिली. ती आधी बंद करा, बाकीचं मग बोलू.

ही आकस्मिक मर आहे, पॅराविल्ट म्हणतात ती. हा बुरशीचा रोग नाही. एक झाड उपटून पाहा, मुळकूज असली तर झाड अलगद हातात येते अन् मुळाची साल निघते, इथं तसं होत नाही, मुळं धडधाकट दिसतात. मग पाणी असून झाड तहानलेलं कसं?

मुळाच्या टोकामागं बारीक केसं असतात, एकेक केस म्हणजे एकच पेशी. पेशीतला रस मातीतल्या पाण्यापेक्षा घट्ट असतो म्हणून पाणी आपोआप आत ओढलं जाते. पेशीच्या पडद्यात पाण्यासाठी वेगळ्या प्रथिनांच्या नळ्या असतात, अॅक्वापोरिन नाव त्यांचं, त्या शोधासाठी पीटर अॅग्रे यांना २००३ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. आता मुद्दा असा की मुळाला श्वास घ्यायला हवा लागते, अन् आपली काळी माती एकदा फुगली की तिच्यातल्या पोकळ्या पाण्यानं भरतात, हवा राहतच नाही. ऑक्सिजन संपला की पेशीतली आम्लता वाढते अन् ह्या नळ्या मिटतात. खाली दार बंद, वर मात्र कडक ऊन, पानं तर पाणी उडवतच राहतात (झाड जेवढं पाणी पिते त्यातलं शंभरातलं पंच्याण्णवच्या वर पानातून हवेतच जाते). जे झाड जास्त भरलेलं, पानं जास्त, त्याची मागणी जास्त, म्हणून तेच पहिले कोलमडते.

तर काम एकच, मुळाला हवा द्या. धुऱ्याकडे (बांधाकडे) उतार पाहून चर काढा अन् पाणी आजच बाहेर काढा, उद्यावर ढकलू नका. त्यानंतर सुकलेल्या झाडांना २४ ते ४८ तासांच्या आत आळवणी करा, म्हणजे बुडाशी द्रावण ओता: २०० लिटर पाण्यात १३:००:४५ हे विरघळणारं खत एक किलो, कॉपर ऑक्सिक्लोराईड २५० ग्रॅम, कोबाल्ट क्लोराईड २ ग्रॅम, झाडामागं २५० ते ५०० मिली, अन् लगेच बुडाजवळची माती पायानं हलकी दाबून घ्या. कोबाल्ट फक्त २ ग्रॅमच, हातानं अंदाजे टाकायची वस्तू नाही ती, झाडात इथिलीन (पानं-बोंडं गळवणारा वायू) बनणं रोखायला तेवढं पुरते. वापसा आला, म्हणजे माती कामाजोगी सुकली, की डवरणी करा. उशीर झाला तर मी तरी खर्च करा म्हणणार नाही, पूर्ण वाळलेलं झाड आळवणीनं उठत नाही.

दुसरा प्रश्न बऱ्याच जणांचा, सुकली म्हणून बुडाशी मूठभर युरिया टाकू का. नाही. काकडीच्या फोडीला मीठ लावलं की कसं पाणी सुटते, तसंच खताचा ढीग मुळाशी पडला की बाहेरचं पाणी पेशीतल्या रसापेक्षा घट्ट होते अन् मुळातलंच पाणी बाहेर निघते. आळवणीतलं खत चालते कारण एक किलोला २०० लिटर पाणी आहे. फवारणीतही हेच, डीएपी २ टक्के म्हणजे १० लिटरला २०० ग्रॅम, त्याच्या वर गेले की पानाच्या कडा करपतात अन् मग तो फोटो मला "कोणता रोग आहे" म्हणून येते.

वाचलेल्या झाडाची पाती (कळ्या) अन् लहान बोंडं थोडीफार गळतीलच, त्यासाठी लगेच दुकानात जाऊन टॉनिक आणू नका, नवी पालवी दिसू द्या.