एआयने लिहिलेला खोटा मेसेज भाषेवरून ओळखता येतो का?

गावच्या वॉट्सॲप ग्रुपवर आलेला मजकूर एआयने लिहिलाय हे भाषेवरून कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत: तो नाद सोडा.

आतापर्यंत ते थोडंफार जमायचं. बाहेरून आलेल्या अफवेचं मराठी बेंगरूळ असायचं, लगेच खटकायचं. आता तीच अफवा स्वच्छ मराठीत येते. यंत्रालाही ती पकडणं अवघड जातं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी 2023 मध्ये असा मजकूर ओळखणारं साधन आणलं होतं. त्यांच्याच चाचणीत, तेही इंग्रजीत, एआयने लिहिलेल्यापैकी फक्त 26 टक्के मजकूर त्याला ओळखता आला. उलट माणसांनी लिहिलेल्या 9 टक्के मजकुरावर त्याने एआयचा शिक्का मारला. जुलैत ते बंद झालं.

मला खरी भीती वाटते ती पुढच्या गोष्टीची. समजा, गोव्यात फोंडा-पणजीला पाणी पुरवणाऱ्या ओपा प्रकल्पाचं पाणी बाधतंय अशी अफवा कुणाला उठवायची आहे. पूर्वी एकच मेसेज सगळीकडे फिरायचा, शब्दाला शब्द तोच, चुकाही त्याच. दुसऱ्या ग्रुपवर तो दिसला की शंका यायची. आता फोंड्याच्या ग्रुपवर एक सून मराठीत लिहील की सासूबाईंना रात्रीपासून उलट्या होतायत. पणजीच्या ग्रुपवर कुणी कोंकणीत सांगेल की मुलाला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) न्यावं लागलं. तिसरा मेसेज रोमीत, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीत, चौथा इंग्रजीत. सूर वेगळे, तपशील वेगळे. वाचणाऱ्याला वाटतं, चार घरांतून तेच ऐकू येतंय म्हणजे काहीतरी असणारच! आणि चारही मजकूर एकाच माणसाने बसल्या जागी लिहून घेतलेले असतात. त्यातलं वाक्य गूगलवर टाकूनही हाती काही लागत नाही, कारण ते आधी कुठे आलेलंच नसतं.

अशा वेळी मी एवढंच विचारतो: ही सून कुठल्या वाड्यावरची? तिला ओळखणारं कोण आहे? गोव्यात दोन-चार फोन केले की बहुतेक वेळा माणूस सापडतो. नाहीच सापडला तर मेसेज पुढे पाठवायचा नाही, सरळ पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला किंवा आपल्या पंचाला विचारायचं.

आणि एक कळकळीची विनंती. नळाला गढूळ पाणी येतंय असं एखाद्या बाईने नीटनेटकं लिहिलं, तर ‘हे एआयचं दिसतंय’ म्हणून तिला उडवून लावू नका. अर्ज लिहायला एआयची मदत घेणारे कितीतरी आहेत, त्यांची तक्रार खरी असू शकते. तिच्या घरी जा, नळ सोडून बघा.