धंद्याच्या लेखात स्वतःची गोष्ट सांगावी का?

प्रश्न : ऐरोलीत आमचा वॉटरप्रूफिंगचा व्यवसाय आहे. काम बाबा पाहतात. हिशेब आणि पत्रव्यवहार माझ्याकडे आहे. सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना मी दर महिन्याला एक लेख पाठवते, पण ‘दर्जेदार साहित्य, अनुभवी कारागीर, वेळेत काम’ यापलीकडे तो जात नाही आणि कोणी वाचतही नाही. परवा एका ग्राहकाच्या बाथरूममध्ये बाबा रुपयाचे नाणे एकेका टाइलवर वाजवत गेले आणि नहाणी ट्रॅपपाशी, म्हणजे पाणी वाहून जाण्याच्या जाळीपाशी, थांबून म्हणाले, “इथं पोकळ आहे.” असे प्रसंग लिहावेत असे मला वाटते, बाबांना ते पोरकट वाटते. सात वर्षांपूर्वी त्यांनी केलेली एक गच्ची पहिल्याच पावसात गळली, कारण पावसाळी पाइपाच्या तोंडाशी असलेला सांधा नीट भरला गेला नव्हता. ती त्यांनी स्वखर्चाने पुन्हा करून दिली. हे तर कधीच लिहू नये, असे त्यांचे म्हणणे आहे. मी काय करावे?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुम्हाला जो लेख लिहायचा आहे, त्याची सुरुवात तुमच्या पत्रातच झालेली आहे. खालचा सिमेंटचा माल घट्ट असेल तर टाइल भरीव वाजते, तो सुटला असेल तर पोकळ वाजते. एवढी साधी गोष्ट नाण्याच्या प्रसंगासह सांगितलीत, तर वाचणारा सचिव उठून आपल्या बाथरूमची टाइल वाजवून पाहील. ‘अनुभवी कारागीर’ हे शब्द कोणीही छापू शकतो, मात्र तुमचे बाबा कुठे थांबले आणि का थांबले, हे फक्त तुम्हीच सांगू शकता.

बाबांना हे पोरकट वाटते, तर त्यांना किर्लोस्करवाडीची आठवण करून द्या. शंकरराव किर्लोस्करांनी 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली ती कारखान्याचे पत्र म्हणून, आणि त्यातूनच पुढे मराठीतले एक अग्रगण्य मासिक उभे राहिले. लोखंडाने जमीन विषारी होते अशा समजुतीमुळे लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर सुरुवातीला शेतकरी घेत नव्हते, ही हकिकत महाराष्ट्रात आजही सांगितली जाते. नांगराचे वजन आणि किंमत कोणाच्या लक्षात नाही, पण त्या नांगराला झालेला विरोध लक्षात आहे.

मात्र स्वतःविषयीचे सगळेच लेखात आणू नये. बाबा कोणत्या गावाहून आले आणि त्यांनी किती हाल काढले, हे घरच्यांसाठी मोलाचे असले तरी त्यातून वाचणाऱ्याला आपल्या गच्चीविषयी काही कळत नाही. ज्या आठवणीतून तुमची काम करण्याची रीत उलगडते, ती घ्यावी. बाकीची कितीही हृद्य असली तरी बाजूला ठेवावी.

गळलेल्या गच्चीबाबत मी बाबांशी सहमत नाही. माझ्या मते तुमच्याकडचा सर्वांत मौल्यवान लेख तोच आहे, कारण गच्चीच्या कामात ग्राहकाच्या मनातली खरी भीती ‘गळली तर हे फोन उचलतील का’ हीच असते, आणि त्या भीतीला आश्वासनाने नव्हे, तर घडलेल्या गोष्टीने उत्तर मिळते. काय चुकले, ते कधी लक्षात आले, पुन्हा करताना काय तोडावे लागले आणि त्यानंतर कामाच्या पद्धतीत कोणता बदल केला, हे क्रमाने आणि सारवासारव न करता लिहा. तेव्हापासून गच्चीत दोन-तीन दिवस पाणी साठवून पाहिल्याशिवाय बाबा काम पूर्ण झाले म्हणत नसतील, तर ते लिहा; तसे करत नसतील, तर आधी ते सुरू करा आणि मगच लिहा. ‘मोठ्या मनाने’ हे शब्द मात्र टाळा. स्वखर्चाने केले एवढे सांगितले की पुरे.

ग्राहकांच्या गोष्टींबाबत जपून राहावे लागते. गळती म्हटली की वरचा आणि खालचा शेजारी यांचे भांडण बहुधा आलेच, आणि सेक्टर व इमारत सांगितली की दोघेही ओळखू येतात. म्हणून लेखी परवानगी घ्या, नाहीतर पत्ता वगळून केवळ दोष आणि उपाय सांगा. न घडलेला प्रसंग किंवा न मिळालेला अभिप्राय कधीही रचू नका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘शंभर टक्के गळतीमुक्त’ यासारखे दावेही मग जपूनच करायला हवेत.

लिहिण्याची रीत सोपी आहे. बाबा साइटवरून परतल्यावर चहाच्या वेळी त्यांना एवढेच विचारा, “आज कुठं अडलं?” ते जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या. कोबा, वाटा हे शब्द बदलू नका. भिंत आणि गच्ची जिथे मिळतात तिथे केलेला गोलसर कोपरा म्हणजे वाटा, एवढे एकदा सांगितले की वाचक पुढे स्वतःच समजून घेतात. छापण्यापूर्वी लेख त्यांना वाचून दाखवा. ‘मी असं बोलत नाही’ असे ते जिथे म्हणतील, तिथे त्यांचेच ऐका. नाण्याचा लेख याच महिन्यात पाठवा. गच्चीचा लेख मात्र मार्चमध्ये पाठवा, कारण समितीची मंजुरी, दरपत्रके आणि प्रत्यक्ष काम हे सगळे सोसायट्यांना पाऊस सुरू होण्याआधी उरकायचे असते.