रेडिंगचा फ्लॅट आणि ठाण्यातलं नाव

प्रिय भाचीस,

इंग्लंडमधल्या रेडिंगच्या फ्लॅटसाठी तू दिलेली ऑफर मान्य झाली, वाचून फार बरं वाटलं. एजंटाने सुचवलेला सॉलिसिटर (खरेदीचे कायदेशीर कागद बघणारा वकील) घेऊ की स्वतः शोधू, असं तू विचारलंयस. त्याकडे येतेच. पण त्याआधी माझा एक प्रश्न: ठाण्याच्या फ्लॅटच्या करारनाम्यावर तुझं नाव आहे, हे तू इथे कोणाला सांगितलंस का?

नसशील सांगितलं. बाबांनी ‘पुढे कटकट नको’ म्हणून घातलेलं नाव. त्यात तुझा एक रुपया नाही, तू तिथे राहतही नाहीस, त्यामुळे ते घर आपलं आहे असं तुझ्या डोक्यातही येत नसणार. इथल्या स्टॅम्प ड्यूटीच्या फॉर्मला मात्र तुझ्या डोक्यातलं कळत नाही. इंग्लंडमध्ये पहिलं घर घेणाऱ्याला ३ लाख पौंडांपर्यंत ड्यूटी माफ आहे (घराची किंमत ५ लाखांच्या वर गेली की सवलतच नाही). पण पहिलं म्हणजे जगाच्या पाठीवर कुठेही पहिलं. ठाण्यातला अर्धा हिस्साही आधीचं घर म्हणून धरला जातो, आजोबांच्या वाड्यात वारसाहक्काने आलेला वाटाही धरला जातो. गावाकडची नुसती शेतजमीन यात धरत नाहीत, कारण प्रश्न राहत्या घराचा आहे. सोसायटीत नुसतं नॉमिनी असणं म्हणजे मालकी नव्हे. पण तुझं कुठल्या प्रकारात बसतं हे तू ठरवू नकोस, करारनाम्याची प्रत सॉलिसिटरपुढे ठेव.

आकडे बघ म्हणजे मी एवढी मागे का लागले आहे ते कळेल. तुझा फ्लॅट २,८५,००० पौंडांचा. पहिलं घर म्हणून घेतलास तर ड्यूटी शून्य. सवलत गेली तर एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी ४,२५० पौंड. आणि ठाण्यातल्या तुझ्या हिश्श्याची किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त भरली, तर दुसरं घर म्हणून वर ५ टक्के अधिभार, म्हणजे एकूण १८,५००. ‘मग मी हक्कसोडपत्र करून टाकते’ असं म्हणशील. कम्प्लीशनच्या, म्हणजे पैसे देऊन घर ताब्यात येण्याच्या, आधी ते रीतसर नोंदलं गेलं तर अधिभार वाचू शकतो. पण पहिल्या घराची सवलत परत येत नाही, कारण एकदा मालक झालीस ती झालीस. त्यातही ठाण्याच्या बाजूचा खर्च आणि कर तिथल्या वकिलाला विचारल्याशिवाय काही करू नकोस. न सांगता फॉर्म भरण्याचा विचारही करू नकोस. त्यावर सही तुझ्या वतीने होते आणि दंडही तुलाच येतो.

दुसरी गोष्ट पैशांची. बाबा २५ लाख पाठवणार आहेत, असं ताई म्हणाली. इथले सॉलिसिटर मनी लाँडरिंगच्या नियमांनी बांधलेले आहेत. पैसा कुठून आला एवढं सांगून भागत नाही, तो मुळात कसा जमला हेही दाखवावं लागतं. बाबांनी एफडी मोडली असेल तर ती एफडी कशातून झाली? पीएफमधून, की साताऱ्याची जमीन विकून? जमीन असेल तर खरेदीखत मराठीत असणार. त्याचा प्रमाणित इंग्रजी अनुवाद आत्ताच करून ठेव. भारतातून एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यामुळे मर्यादेची अडचण नाही. १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ वसूल होणारा कर) कापेल, तो बाबांना विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. पण तेवढी रक्कम मधल्या काळात अडकते, हे त्यांना आधी सांग. आणि कृपा करून काकांच्या, मामांच्या खात्यांतून थोडे थोडे मागवू नकोस. प्रत्येक पाठवणाऱ्याचा पासपोर्ट, बँकेची स्टेटमेंटं आणि ‘ही भेट आहे, कर्ज नाही, घरात माझा हिस्सा नाही’ असं पत्र मागतील. मामाचा पासपोर्ट कुठे आहे हे मामीलाही माहीत नसतं.

आता सॉलिसिटर कोण घ्यायचा ते. एजंटाने सुचवलेला वाईटच असतो असं नाही, पण त्या शिफारशीबद्दल बहुतेकदा एजंटाला पैसे मिळतात. ते किती, हे विचारण्याचा तुला हक्क आहे. सॉलिसिटर किंवा लायसन्स्ड कन्व्हेयन्सर (घरखरेदीचीच कागदपत्रं करणारा परवानाधारक), दोन्ही चालतात. तुझ्या बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे मान्य यादीत, आहेत का तेवढं बघ. मी त्या ऑफिसांतच नोकरी केली, म्हणून एक सांगते: फी किती यापेक्षा फाईल नक्की कोण हाताळणार, त्याच्या टेबलावर आणखी किती फायली आहेत आणि तो फोन उचलतो का, हे विचार. स्वस्तात ढिगाने फायली काढणाऱ्या कारखानेवजा ऑफिसांत तुझी फाईल दर आठवड्याला नव्या माणसाकडे जाते.

सॉलिसिटर घर बघायला जात नाही, हे आपल्या लोकांना फार उशिरा कळतं. त्याला दिसतात लँड रजिस्ट्रीचे कागद, सर्च (पालिका वगैरेंकडे केलेली चौकशी) आणि विक्रेत्याने भरलेले फॉर्म. एजंटाने दाखवलेली पार्किंगची जागा लीजमध्ये (फ्लॅटच्या भाडेपट्ट्यात) आहे का? स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली भिंत कोणी पाडली असेल तर बिल्डिंग रेग्युलेशनचं प्रमाणपत्र कुठे आहे? तू फोटो काढून पाठवलेस तरच तो हे प्रश्न विचारील. भिंतीतली ओल हे मात्र त्याचं काम नव्हे, ते घराची तपासणी करणाऱ्या सर्व्हेयरचं. बँकेचं व्हॅल्युएशन म्हणजे सर्व्हे, असं समजू नकोस.

तुझा फ्लॅट लीजहोल्ड, म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचा आहे, तेव्हा खरी मेहनत तिथे आहे. लीजची किती वर्षं उरली? ८० च्या खाली गेली की वाढवून घ्यायचा खर्च एकदम चढतो; २०२४ च्या कायद्यात तो भार काढायची तरतूद आहे, पण तो भाग लागू झाला का हे सॉलिसिटरकडून लेखी घे. ३० जून २०२२ नंतरच्या बहुतेक नव्या लीजना ग्राउंड रेंट (जमीनमालकाला द्यायचं भाडं) नसतो. तुझी त्याआधीची आहे, म्हणजे तो दर किती वर्षांनी आणि कसा वाढतो ते कलम वाच. सर्व्हिस चार्जचे (इमारतीच्या देखभालीच्या वर्गणीचे) तीन वर्षांचे हिशेब माग, आणि छत किंवा लिफ्टसारखं मोठं काम यायचं आहे का ते विचार. तशी नोटीस निघालेली असेल तर बिल नव्या मालकाच्या दारात येतं.

इसार द्यायचा का, असं ताईने विचारलं होतं. नाही. इथे एक्स्चेंज, म्हणजे सह्या केलेल्या करारांची अदलाबदल, होईपर्यंत कोणीच बांधील नाही; विक्रेता उद्या जास्त देणाऱ्याकडे जाऊ शकतो आणि तूही सोडून देऊ शकतेस. एक्स्चेंजला साधारण १० टक्के भरलेस की मात्र परतीची वाट बंद. घराचा विमा सहसा त्या दिवसापासूनच लागतो, किल्ली मिळाल्यावर नाही. फ्लॅटला इमारतीचा विमा बहुधा फ्रीहोल्डर (इमारतीचा मूळ मालक) काढतो, तरी त्याची प्रत माग. डिपॉझिट पाठवायच्या सुमारास ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ अशी ईमेल आली तर ती चोराची आहे असंच धर, आणि पहिल्या पत्रावर छापलेल्या नंबरवर फोन करून खातं पडताळून घे.

लीजची पीडीएफ आली की मला पाठव. ग्राउंड रेंटचं कलम मी बघते. ठाण्याचा करारनामा ताईकडून आजच मागवून घे.

तुझी
मावशी