'लाभार्थी' म्हणजे मागणारा की मिळवणारा?

प्रश्न असा आला आहे: योजनेचे पैसे ज्याच्या खात्यात जमा झाले, त्याला 'लाभार्थी' म्हणणे चूक का? 'लाभधारक' म्हणावे का?

व्युत्पत्तीवर बोट ठेवले तर शंका रास्त आहे. विद्यार्थी विद्या मागतो, शरणार्थी आसरा मागतो, तसा लाभार्थी लाभ मागतो. तो मिळाला की नाही हे शब्द सांगत नाही. संस्कृतात नुसता 'अर्थी' म्हणजे याचकच. ('अर्ज' त्याचा भाऊ वाटतो, पण तो अरबी.) तरी रूढीपुढे व्युत्पत्तीचे काही चालत नाही. पैसे मिळालेल्यालाही लाभार्थी म्हणतात, खुशाल म्हणावे. 'लाभधारक' पाटबंधाऱ्यात आधीच मुरला आहे, कालव्याचे पाणी मिळणारा शेतकरी या अर्थाने. बागायतदार तो धारक आणि निराधार बाई ती अर्थी, अशी वाटणी कुणी ठरवून केली नसेल, पण झाली खरी.

मला त्याहून खटकतो त्याचा जोडीदार, 'पात्र'. मूळ अर्थ पिण्याचे भांडे. त्यावरून दान घ्यायला योग्य माणूस. गीतेतले सात्त्विक दान 'देशे काले च पात्रे च' द्यायचे असते, आपण 'सत्पात्री दान' म्हणतो तेही याच अर्थाने. म्हणजे 'पात्र लाभार्थ्यांची यादी' यातले दोन्ही शब्द दानधर्माच्या घरचे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्याचा हक्क दिला. तरी त्या घरांचा उल्लेख होतो तो लाभार्थी म्हणूनच. अशा ठिकाणी मी 'हक्कदार' लिहितो.

मागणे म्हणजे याचनाच, असेही नाही. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याची घोषणाच होती 'मागेल त्याला काम', आणि मागूनही पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारभत्त्याची तरतूद होती. तिथेही माणूस मागतोच, पण त्याला 'अर्थी' म्हणवत नाही. रोहयोवर खडी फोडणारी बाई मजूर होती.

आता लोकांचा शब्द. संजय गांधी निराधार योजनेत कागदावर 'अनुदान' असते, कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो आणि घेणारी अर्थात 'लाभार्थी'. गावाकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी यातले काहीच नसते. त्या विचारतात, "निराधारचा पगार आला का गं?" शुद्धलेखनवाले हसतील, कारण पगार नोकरीचा असतो. पण हा शब्द आपल्याकडे आला पोर्तुगीजांकडून, आणि तिथल्या 'पगार' या क्रियापदाचा अर्थ आहे देणे चुकते करणे.