घरातले फोटो : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलं घरात खेळत असताना काढलेले फोटो बहुतेक वेळा पुसट येतात. हात अगदी स्थिर ठेवते, कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशनही (हाताचा कंप सावरणारी सोय) आहे. मग चुकतं कुठे?

असा एखादा फोटो मोठा करून मूल सोडून मागचं कपाट बघा. कपाटही पुसट असेल तर हात हलला. कपाट रेखीव आणि मूल तेवढं पुसट असेल, तर शटर उघडं असताना मूल हललं. स्टॅबिलायझेशन पहिल्या दोषावर चालतं, दुसऱ्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही. तुमच्या वर्णनावरून हा दुसरा प्रकार वाटतो.

घरातल्या उजेडात ऑटोवरचा कॅमेरा शटर सहसा १/६० सेकंदाच्या आसपास उघडं ठेवतो. बसून खेळणाऱ्या मुलाला निदान १/२५० आणि पळणाऱ्याला १/५०० चा वेग लागतो. डायल ‘एस’ किंवा ‘टीव्ही’वर (शटरचा वेग आपण ठरवायचा मोड) आणा, वेग स्वतः ठरवा आणि आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, ऑटोवर सोडा. १/६० वरून १/५०० वर गेलात की सेन्सरवर जवळपास आठपट कमी उजेड पडतो. म्हणजे ४०० चा आयएसओ ३२०० वर जाणार आणि फोटोत दाणे दिसणार. दिसू द्या! आयएसओची भीती हौशी लोकांच्या मनात उगाच रुजली आहे. दाणे नंतर सॉफ्टवेअरने बरेच कमी करता येतात, हललेले डोळे मात्र पुन्हा रेखीव होत नाहीत.

कॅमेऱ्यासोबत आलेल्या झूम लेन्सचं छिद्र फार तर एफ/३.५ पर्यंत उघडतं (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं). एफ/१.८ ची साधी ५० मिमी लेन्स त्याच्या जवळपास चौपट उजेड आत घेते. खर्च करायचाच असेल तर नव्या कॅमेऱ्याआधी या लेन्सवर करा.

प्रश्न : मोबाइलवर जवळून चेहरा काढला की नाक मोठं दिसतं. लेन्स खराब आहे का?

लेन्स ठीक आहे, तुम्ही फार जवळ उभे आहात. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटीमीटर अंतर धरू. मोबाइल नाकापासून ४० सेंटीमीटरवर असेल तर कान ५२ वर, म्हणजे तब्बल ३० टक्के लांब. मग नाक फुगणारच. मागे जाऊन दोन मीटरवर उभे राहिलात तर हाच फरक ६ टक्क्यांवर येतो आणि चेहरा आपल्याला रोज दिसतो तसा येतो. मागे सरका आणि दुप्पट झूम वापरा. चेहऱ्याची प्रमाणं अंतरावर ठरतात. झूम फक्त चौकट आवळतो. हे एकदा डोक्यात बसलं की लेन्स निवडण्याचा अर्धा गोंधळ मिटतो.

प्रश्न : पांढरे कपडे नेहमी मळकट का येतात?

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं दृश्य सरासरी मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून चालतो. चौकटीत पांढरं जास्त असलं की तो उजेड कमी करतो, काळं जास्त असलं की वाढवतो. म्हणून पांढऱ्यासाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) +१ करून बघा, काळ्यासाठी −१. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवा आणि शेजारी सूर्याचं चिन्ह दिसलं की ते वर सरकवा. पांढऱ्यातल्या चुण्या, शिवणी दिसेनाशा झाल्या तर जरा खाली या.

प्रश्न : घरातले फोटो सपाट दिसतात, चेहऱ्याची एक बाजू पिवळी, दुसरी निळसर. फ्लॅश लावला तर आणखी बिघडतात.

फ्लॅश बंदच ठेवा. लेन्सच्या शेजारून समोर पडणारा प्रकाश चेहऱ्यावरच्या सावल्या पुसतो, आणि चेहऱ्याला उठाव येतो तो सावल्यांमुळेच. माणसाला खिडकीपासून हात-दीड हातावर बसवा, तोंड खिडकीकडे अर्धवट वळलेलं. थेट ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा. दूरची बाजू फार काळवंडली तर तिकडे पांढरा कागद किंवा चादर धरायला सांगा. परतलेला उजेड पुरतो.

रंगाचं दुखणं वेगळं आहे. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा लहान तितका तो पिवळा. पिवळा बल्ब सुमारे २७०० ते ३००० केल्विनचा, दिवसाचा उजेड ५५०० च्या घरातला. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा करतो ती रंगांची जुळणी, एका वेळी एकालाच बरोबर ठरवू शकतो. तेव्हा दिवसा फोटो काढताना खोलीतले दिवे मालवा. इतका सोपा आणि फुकटचा उपाय असूनही तो फार थोडे लोक करतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रश्न : रॉ की जेपेग?

रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेली माहिती न बदलता ठेवणारी फाइल, जेपेग म्हणजे कॅमेऱ्यानेच तयार करून लहान केलेला फोटो. फोटो नंतर संगणकावर बसून सुधारणार असाल तर रॉ. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. अंधारे कोपरे उजळताना हा फरक लगेच कळतो. सुधारायला बसणारच नसाल तर जेपेग ठेवा, कार्डही लवकर भरणार नाही. ठरत नसेल तर दोन्ही एकदम साठवायची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते.