टकटक ऐकू आली की आधी कॉपी

भावा, हार्ड डिस्क टकटक वाजत असेल तर आधी चेक-डिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करायचं साधन) लावू नकोस. टेकीला आलेली डिस्क तेवढ्यानं कायमची बसू शकते की रे. फोटो, शेताचे उतारे, मुलांचे दाखले आधी दुसरीकडं उतरून घे. सिनेमे मेले तरी चालतील.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो, म्हणजे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर, उघड. त्यातले रॉ (मूळ) आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीत दिसतात, ते दशमानात, आपल्या नेहमीच्या आकड्यांत बदलून घे. यादीतली ०५ ओळ म्हणजे बदली झालेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे नीट वाचता न आलेले. हे वाढत चालले तर डिस्क बदलायचीच. सी७ एकटाच वाढतोय? मग बहुतेक डिस्क कॉम्प्युटरला जोडणाऱ्या साटा केबलचाच घोळ. केबल बदल आणि बघत राहा. जुना आकडा शून्य होत नसतो, फक्त पुढं सरकायला नको.

नवी घेताना विंडोजसाठी एसएसडीच (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घे. जुनी वाचताना अडखळत असेल तर क्लोनच्या, म्हणजे अख्खी डिस्क जशीच्या तशी उतरवायच्या नादी लागू नकोस, विंडोज नव्यानं टाक. खानापूरकडं पावसाळ्यात लाईट ये-जा करते, तिथं यूपीएस हवाच. बेळगावात खरेदी केलीस तर बिलावर सिरियल नंबर घालून घे, वॉरंटीला तोच विचारतात.